नॉमिनीच्या रकान्यातले माझे नाव

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

परवा कपाट आवरताना तुझ्या विम्याच्या प्रस्तावपत्राची प्रत सापडली. नॉमिनीच्या रकान्यात तुझ्या तिरप्या अक्षरात माझे नाव आणि नात्यापुढे ‘आई’ असे लिहिले आहे. पाहून बरे वाटले, हे कबूल करते; पण त्यानंतर तुझे मधुराशी लग्न झाले, आर्या आली, आणि रकाना मात्र होता तसाच राहिला.

विम्याच्या दावे विभागात इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, या भांडणांच्या मुळाशी लबाडीपेक्षा आळसच अधिक असतो. तुझ्यासारखेच एक प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निकाली काढले. मुलाने लग्नाआधी आईचे नाव लावले होते, पुढे बायको-मूल आले तरी ते बदलले नाही, आणि २०१९ मध्ये तो गेल्यावर सासू-सुना कोर्टात समोरासमोर उभ्या राहिल्या. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितले होते; परंतु २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असल्यास लाभ त्यांचाच, अशी तरतूद आली, आणि त्या आईची भिस्त याच तरतुदीवर होती. या दुरुस्तीने वारसाहक्काचा कायदा बाजूला पडत नाही, असे ठरवून न्यायालयाने आई, पत्नी आणि मुलगा यांना प्रत्येकी एक तृतीयांश रक्कम दिली. वाटणी न्याय्यच झाली, पण तिच्यासाठी पाच वर्षे गेली.

म्हणून केवळ माझे नाव खोडून मधुराचे लावलेस तरी काम पुरे होणार नाही, कारण हिंदू वारसा कायद्याने मीही तुझी पहिल्या वर्गातली, म्हणजे बायकोमुलांच्या बरोबरीची, वारस आहे. मला काहीच नको, असा मोठेपणाही मी दाखवत नाही. म्हातारपणी औषधपाणी लागतेच. तेव्हा आम्हा दोघींची नावे टक्केवारीसह लाव, आर्याचा हिस्सा ठेवणार असशील तर ती सज्ञान होईपर्यंत पैसे कोण स्वीकारील ते नमूद कर, आणि इच्छापत्र करून त्यातही हीच टक्केवारी लिही. बदलाची नोंद झाल्याचे कंपनीचे पत्र हाती आल्याशिवाय नाव बदलले असे समजू नकोस. अर्ज देऊन निर्धास्त झालेली माणसे मी पाहिली आहेत.

टक्केवारी ठरवताना मधुराला शेजारी बसव. मला आकडा नंतर कळवलास तरी चालेल.

तुझी,
आई