नंद्याला अजून सांगितलेलं नाही

प्रिय सुन्या,

आईचे गुडघे बरे, माझं पित्त जुनंच.

रविवारी क्लासचा वर्धापनदिन झाला. नंद्याने स्टेजवर माझ्या खांद्यावर हात टाकला आणि माईकवर म्हणाला, "हा माझा उजवा हात." टाळ्या पडल्या. मला मात्र कसंतरीच झालं. घरी येऊन 'बर्सर्क' लावलं, ती जपानी ॲनिमे मालिका. १९९७ चंच, आपलं. बायको म्हणाली, सकाळी सातची बॅच आहे, झोपा. तिला काय सांगणार? म्हणून तुला लिहितोय.

कारंज्याजवळचा तो प्रसंग आठव. भाडोत्री फौजेचा सरदार ग्रिफिथ, त्याच्या सांगण्यावरून त्याचा उजवा हात गट्स राजाच्या भावाला, ज्यूलियसला मारून आलाय, मधे आलेलं ज्यूलियसचं पोरगंही हातून गेलंय. आणि इकडे ग्रिफिथ राजकन्या शार्लटला ऐकवतोय, दुसऱ्याच्या स्वप्नाला लटकून राहतो त्याला मी मित्र म्हणत नाही; मित्र माझ्या बरोबरीचा हवा. तू म्हणायचास, राजकन्येवर छाप पाडायला मारलेले डायलॉग ते, गट्सने कशाला मनाला लावून घ्यायचे? त्यावरून आपण मेसमध्ये वेगळ्या टेबलांवर जेवलो होतो. मी अजून तिथेच आहे. गट्स ऐकतोय हे ग्रिफिथला ठाऊक नाही, म्हणून तो खरंच बोलतोय. फक्त गट्सबद्दलचं खरं त्याचं त्यालाच कळलेलं नाही. ते बर्फात कळतं, गट्स एका घावात तलवार मोडून निघून जातो तेव्हा. मग हा शहाणा ग्रिफिथ शार्लटच्या खोलीत, तिथून कोठडीत, वर्षभर छळ, आणि सगळी फौज देशोधडीला.

तर मला क्लास सोडायचाय.

दहावीचं गणित मी उभं केलं, पण बोर्डावर नाव त्याचं, आणि ते बरोबरच आहे, स्वप्न त्याचंच होतं. मला पाचवी-सहावीची पोरं शिकवायचीत, जिथे टक्क्यांचे फ्लेक्स लागत नाहीत. पण नंद्याने दुसऱ्या शाखेसाठी कर्ज काढलंय. मी गेलो आणि तो कोसळला तर? हसू नकोस. त्याच्या गळ्यात ग्रिफिथचं ते सैतानांना बोलावणारं बेहेलिट नाही, साईबाबांचं लॉकेट आहे, ठाऊक आहे मला. तरी शेवटी ग्रिफिथ जे म्हणतो, की तुझ्या एकट्यामुळे मला माझ्या स्वप्नाचा विसर पडला, ते ऐकून पोटात खड्डा पडतो. (पंचविसाव्या, शेवटच्या भागावर घसरू नकोस. भर ग्रहणात, फौजेचा बळी जात असतानाच मालिका तोडली, मान्य.)

'बर्सर्क'चा कर्ता मिउरा २०२१ च्या मे महिन्यात गेला तेव्हा तूच मला फोन केला होतास. वर्षभराने मोरीने ती मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, पुढे नेली, कारण शाळेपासूनच्या या दोस्ताला मिउराने शेवटापर्यंतची गोष्ट जवळपास ३० वर्षं आधीच सांगून ठेवली होती. मोरी स्वतः मांगा काढणारा, त्याची स्वतःची कामं वेगळी. हा झाला बरोबरीचा. नंद्या माझ्याशी फी आणि पोर्शन सोडून कधी बोललाय सांग.

तुझी बदली झाली म्हणे? घर मिळालं का? वहिनींना नमस्कार, चिमीला पापा.

शुक्रवारी नंद्याकडे जेवायला बोलावलंय, तेव्हा सांगणार आहे. त्याआधी फोन कर. गट्स फौज सोडायला निघाला तेव्हा त्या कॉर्कसने केलं तसं गुत्त्यात बसवून शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण आधी ऐकून घे.

तुझा,
पक्या