शाळेची सकाळी सातची घंटा चुकीच्या मुलांसाठी

महोदय,

रात्री जागणारी मुले बेफिकीर असतात, असे सरसकट बोलले जाते. सिगारेट, दारू आणि उतावळे निर्णय यांचे प्रमाण उशिरा झोपणाऱ्यांत जास्त आढळते, हे खरे आहे. पण म्हणून लवकर उठणाऱ्यांनी शेफारू नये. २०१४ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात सकाळच्या माणसांनी रात्री, तर रात्रीच्या माणसांनी सकाळी जास्त लबाडी केली. शरीराच्या घड्याळाविरुद्ध वागावे लागले की संयम सुटतो. सलग सतरा तास जागा असलेला चालक रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्याइतका मंदावतो. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० आहे. पहाटे पाचला उठणाऱ्याचे सतरा तास रात्री दहालाच भरतात!

घड्याळ आणि वेळापत्रक यांतली तफावत घरीच मोजता येते. शाळेच्या दिवशी झोप १२ ते ६, मध्य पहाटे ३. रविवारी २ ते १०, मध्य ६. तफावत तीन तास. ही तफावत मोठी असलेल्यांत धूम्रपानही जास्त दिसते.

पालक मग एकदम ‘दहाला दिवा बंद’ करतात आणि फसतात. नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास मेंदू टक्क जागा असतो. मूल कूस बदलत राहते आणि मोबाइल उचलते. त्यापेक्षा उठण्याची वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटे अलीकडे आणावी, उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात काढावा, दुपारी दोननंतर चहा-कॉफी देऊ नये. रविवारी तासाभराहून जास्त लोळू दिले, तर घड्याळ पुन्हा जागच्या जागी.

तरीही घरच्या उपायांना मर्यादा आहे. किशोरवयात मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवते आणि विशीपर्यंत झोप उशिराकडेच सरकत जाते. लहान मुले मात्र आपणहून लवकर उठतात. शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवायला सांगितले. नववी ते बारावीचे विद्यार्थी अनेक ठिकाणी सातच्या घंटेलाच राहिले. कॅलिफोर्नियात २०२२ पासून सर्वसाधारणपणे हायस्कूल साडेआठच्या आधी भरत नाही. दोन पाळ्यांच्या शाळांत खोल्या अपुऱ्या आहेत, हे मान्य. तिथे निदान पाळ्यांची अदलाबदल करून नववीपुढचे वर्ग दुपारी घ्यावेत.

– एक निद्राविकारतज्ज्ञ, पुणे