बिलात व्हीआर, घरी सागरगोटे

महोदय,

गेल्या वर्षी आईला पक्षाघाताचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. वय ७४. फिजिओथेरपीच्या मॅडम "आजी, हात वर करा" म्हणायच्या. आई सहा-सातदा करायची आणि "पुरे गं बाई" म्हणून डोळे मिटायची. मग एक दिवस तिला पडद्यासमोर बसवलं. हात हलवला की फुगा फुटायचा. त्या दिवशी तिने चाळीसेक फुगे फोडले आणि हात दुखतोय हे तिला संध्याकाळी आठवलं. आम्हीही हरखलो.

तिसऱ्या दिवशी फुगे भराभर यायला लागले. आधीच्या रुग्णासाठी वाढवलेला वेग कोणी कमी केलाच नव्हता. पडद्यावर शून्य. "आता एवढंही जमत नाही मला," म्हणत आई रडायला लागली. यंत्र चालू करून देणारा मुलगा तोवर दुसऱ्या वॉर्डात पोचला होता. डिस्चार्जच्या बिलात 'व्हीआर थेरपी' (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे तोच पडद्यावरचा खेळ) ही वेगळी ओळ, रक्कम साध्या फिजिओथेरपीच्या जवळजवळ तिप्पट. आधी कोणी काही बोललं नव्हतं.

ते डोक्यातून जाईना, म्हणून वाचत बसले. टोरोंटोच्या डॉ. गुस्ताव्हो सापोस्निक यांच्या गटाने चार देशांतल्या १४१ पक्षाघात रुग्णांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नेहमीच्या उपचाराच्या जोडीला निम्म्यांना निन्टेंडो वी हा हात हलवून खेळायचा व्हिडिओ गेम, बाकीच्यांना पत्ते, बिंगो, जेंगा (लाकडी ठोकळ्यांचा खेळ) नाहीतर चेंडू. दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रं. हात दोन्ही गटांत सुधारले. वी खेळणारे काही पुढे गेले नाहीत. गेम निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. नेहमीच्या व्यायामात भर म्हणून दिला तर फायदा होऊ शकतो, असं २०१७ चा कॉक्रेन आढावा (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) सांगतो. पण भर म्हणजे जास्तीचा सराव, आणि तो पत्त्यांनीही होतो.

घरी आम्ही सागरगोटे काढले. आई लहानपणी त्यात पटाईत होती, अर्थात उजव्या हाताने. पहिले पंधरा दिवस डाव्या हाताने नुसते उचलून वाटीत टाकायचे, एवढंच. आता एखादा झेलते. चार सोफ्याखाली जातात आणि नात रांगत जाऊन ते काढून आणते. ती समोर बसलेली असते म्हणून आई अर्धा तास थांबते. हे माझं निरीक्षण, संशोधन नव्हे.

रुग्णालयांनी गेम जरूर ठेवावेत. पण दर आधी सांगावा, वेग रुग्णागणिक लावावा आणि खेळ संपेपर्यंत शेजारी माणूस असावा. पडद्याच्या बाजूला एक कॅरमबोर्ड आणि पत्त्यांचा कॅट ठेवायला तर फारसा खर्चही नाही.

– एक वाचक, पुणे