अतिचंचल मुलांची शाळा मोबाइलवर कशी भरेल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या १५ जून २०२१ पासून शाळा पुन्हा मोबाइलवर सुरू होत आहेत. एप्रिलमध्ये नाशिकने करोनाच्या दुसऱ्या लाटेत जे सोसले, ते पाहिल्यावर प्रत्यक्ष वर्ग भरवा असा आग्रह कोणी धरणार नाही, मीही धरत नाही. परंतु ज्या मुलांना एडीएचडी, म्हणजे अवधानाची उणीव आणि अतिचंचलता आहे, त्यांच्या घरांत गेले पंधरा महिने काय चालले आहे, हे शाळांनी आणि महापालिकेने एकदा ऐकून घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असून आता चौथीत जाईल. टाळेबंदीच्या काही महिने आधीच त्याचे निदान झाले होते. या मुलांना लक्ष नसते असे म्हणतात, ते खरे नाही. मुंग्यांची रांग पाहत तो तासभर बसतो. लक्ष हवे तिथे वळवणे, वळवलेले टिकवणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि किती वेळ गेला याचा अंदाज घेणे, हे मेंदूचे काम त्याला वयाच्या मानाने जड जाते. शाळेत हे काम थोडेफार बाहेरून होत असे. तासाची घंटा, शेजारच्या मुलाची उघडलेली वही, बाईंची एक नजर, मधल्या सुट्टीतली धावाधाव, पीटीचा तास, या सगळ्यांच्या आधाराने त्याचा दिवस उभा राहत होता, हे आम्हाला तो आधार काढून घेतल्यावर कळले.

मोबाइलच्या पडद्यावर चाळीस चेहरे, त्यातच कोणाच्या घरचा टीव्ही, कोणाच्या घरची भांडी, आणि त्यातून बाईंचा आवाज वेगळा काढून ऐकायचा. मोठ्या माणसालाही हे अवघड आहे. पहिल्या दोन महिन्यांत त्याने जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीचे रेक्झिन नखांनी सोलून काढले. आतला पिवळा फोम दिसू लागला तरी हात थांबेनात. एकदा सगळ्या वर्गासमोर, म्हणजे सगळ्या पालकांसमोरही, 'कॅमेऱ्यासमोर नीट बसायला घरी कोणी शिकवत नाही का,' असे त्याला ऐकावे लागले. त्या संध्याकाळी मी त्याच्यावर हात उचलला. तो रडला नाही. 'मी मुद्दाम नाही करत, बाबा,' एवढेच म्हणाला. ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही, आणि अशा घरांतल्या इतर आईवडिलांनी माझ्यासारखे वागू नये म्हणून ते इथे लिहीत आहे.

यातून वाट काढली ती माझ्या आईने. तिला एडीएचडी हा शब्द नीट उच्चारता येत नाही, पण नातू उभा असला की ऐकतो, हे तिने हेरले होते. तिने मोबाइल ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला, त्याच्यापुढे मटारच्या शेंगांची परात सरकवली आणि 'सोलत सोलत ऐक' म्हणाली. हात गुंतले आणि कान मोकळे झाले. त्या दिवशी बाईंच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने दिली. गृहपाठासाठीही घड्याळापेक्षा कुकरच उपयोगी पडला. तीन शिट्ट्या होईपर्यंत गणिते, मग गच्चीवर चार फेऱ्या, मग पुन्हा वही. अर्ध्या तासाचे काम तीन तुकड्यांत केले तर होते, सलग करायला बसवले तर दोन तास भांडण होते आणि काम होतच नाही. ज्या घरात ओटा आणि गच्ची आहे, आजी आहे, त्या घराचे हे झाले. एका खोलीत दोन मुले आणि एकच मोबाइल असेल, तर त्या माउलीने काय करावे?

आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. हा विकार बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो आणि मोठेपणीही अनेकांची पाठ सोडत नाही. मुलाच्या निदानासाठीचे प्रश्न वाचताना त्यांतले निम्मे मला माझ्या बालपणाबद्दल विचारल्यासारखे वाटले होते. अंबडच्या कारखान्यात भोंगा आणि पाळी यांनी माझे दिवस बांधलेले होते. तेही बंद झाले तेव्हा घरात दोघे जण एकाच वेळी सैरभैर झाले आणि दोघांना सांभाळणारी माझी पत्नी एकटीच होती. मुलाला शिस्त लावा असे सांगणाऱ्यांनी त्या घरातल्या मोठ्यांचीही चौकशी करावी.

औषधांचा प्रश्न वेगळाच आहे. मुलाला मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध सुरू आहे. हे औषध परिशिष्ट 'एक्स'मध्ये, म्हणजे कडक निर्बंध असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत मोडते, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि ते विकायला दुकानदारालाही वेगळा परवाना लागतो, त्यामुळे ते मोजक्याच दुकानांत मिळते. त्याचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून निर्बंध योग्यच आहेत. मात्र २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार असे औषध फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाही. या एप्रिलमध्ये आमचे डॉक्टर स्वतः करोनाने आजारी पडले आणि मुलाचे औषध दोन आठवडे बंद राहिले. एडीएचडीवर काम करणाऱ्या युरोपीय तज्ज्ञांच्या गटाने २०२० मध्येच, साथीच्या काळात सुरू असलेले औषध खंडित होऊ देऊ नये, असे सुचवले होते. निदान जुन्या रुग्णांना, आधीची चिठ्ठी पाहून, सरकारी रुग्णालयातून महिन्याचे औषध मिळावे, अशी सोय आरोग्य विभागाने करणे शक्य आहे.

तसेच मैदानांचे. मे महिन्यातील कडक टाळेबंदीत मुलाला घेऊन पहाटे रस्त्यावर चालायलाही आम्ही घाबरत होतो. ब्रिटनने एप्रिल २०२० मध्येच स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना गरजेप्रमाणे दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा बाहेर पडण्याची मुभा दिली होती. आपल्याकडे तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एडीएचडीचे स्वतंत्र नावच नाही, त्यामुळे दाखवायला कागदही नसतो. पुन्हा निर्बंध आलेच तर महापालिकेने प्रभागातले एखादे उद्यान सकाळी तासभर, डॉक्टरांच्या साध्या चिठ्ठीवर, अशा मुलांसाठी उघडे ठेवावे.

शाळांकडून मात्र फार मोठी अपेक्षा नाही. ज्या मुलाचे निदान शाळेला कळवलेले आहे, त्याला उभे राहून, हातात काही घेऊन, कॅमेरा बंद ठेवून वर्ग ऐकू द्यावा. तास वीस मिनिटांचा ठेवून मध्ये उठायला लावावे. धड्याच्या शेवटी काय करायचे ते एका ओळीत लिहून पाठवावे, म्हणजे ऐकताना निसटलेले पुन्हा सापडेल. आणि तक्रार असेल तर वर्ग संपल्यावर आम्हाला फोन करावा, मुलांसमोर बोलू नये. १५ तारखेला आमच्या ओट्यावर मोबाइल आणि शेंगांची परात तयार असेल.

आपला,
एक पालक
इंदिरानगर, नाशिक
(मुलाच्या दृष्टीने नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)