मेंदूच्या वाढीच्या तक्त्यांत आपली मुले हवीत

संपादक महोदय,

लहान मुलाच्या मेंदूचा एमआरआय काढला, की रिपोर्टमध्ये बहुधा ‘वाढ वयानुरूप’ असे शब्द येतात. मी बावीस वर्षे एमआरआय विभागात तंत्रज्ञ म्हणून काम केले. त्या काळात हे शब्द असंख्य वेळा वाचले, पण हे ‘वयानुरूप’ नेमके कोणत्या मुलांवरून ठरले, हा प्रश्न निवृत्तीनंतरही मनातून गेलेला नाही.

बाळाच्या वजन-उंचीच्या बाबतीत त्याचे उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीची जी मानके दिली, त्यांसाठी ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका यांच्याबरोबर भारतातील मुलेही मोजली गेली होती. मेंदूच्या बाबतीत मात्र तसे झालेले नाही. २०२२ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मेंदूच्या वाढीचे जे तक्ते प्रसिद्ध झाले, त्यांच्यासाठी गर्भावस्थेपासून शंभरीपर्यंतच्या १,०१,४५७ व्यक्तींचे १,२३,९८४ स्कॅन एकत्र केले होते. काम अजोड आहे, पण त्यातील बहुतांश माहिती युरोप व उत्तर अमेरिकेतली आहे आणि ही उणीव संशोधकांनी स्वतःच नोंदवली आहे.

या उणिवेचे मोल आपल्याकडे अधिक आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात आपली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, म्हणजे ब्रिटनमधील बाळांपेक्षा बरीच हलकी आढळली. गरोदरपणी आईच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, तर नवव्या वर्षी मुलाची एकाग्रता व अल्पकालीन स्मृती काहीशी उणी दिसते, हेही याच अभ्यासातून पुढे आले. अशा वेळी मेंदूच्या आत काय घडत असते, हे पाहण्याचे साधन आज हाताशी आहे. साध्या एमआरआयमध्ये आकार दिसतो. डिफ्युजन एमआरआयमध्ये पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजली जाते. चेतातंतूंच्या लांबीच्या दिशेने पाणी सहज सरकते, आडवे जाताना अडते, आणि तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन चढू लागले की हा फरक आणखी वाढतो. सहा महिन्यांच्या सुमारास नेहमीच्या चित्रात मेंदूचा करडा व पांढरा भाग जवळजवळ एकाच छटेचा दिसतो. तेथेही ही मोजणी तंतूंची घडण दाखवू शकते. शिवाय यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे तेच मूल काही वर्षांनी पुन्हा तपासता येते.

खरी अडचण मूल स्थिर ठेवण्याची आहे. आजारी मुलाला भूल देणे समर्थनीय असते, पण केवळ संशोधनासाठी निरोगी मुलाला भूल देणे योग्य नाही. मात्र तान्ह्या बाळाला पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपेत स्कॅन करता येतो, आणि थोड्या मोठ्या मुलाला आधी यंत्राचा आवाज ऐकवून, त्याच्या बाहुलीला टेबलावर झोपवून दाखवले, तर भुलीवाचून काम होते, हे मी अनेकदा अनुभवले आहे. त्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो, एवढेच. खर्चाचा प्रश्नही पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. ०.०६४ टेस्ला (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजण्याचे एकक) क्षमतेची, घरगुती वीजजोडणीवर चालणारी, ढकलत नेता येणारी यंत्रे आफ्रिका व आशियातील काही देशांत बालसंशोधनासाठी वापरली जात आहेत. त्यांची चित्रे रुग्णालयातील दीड किंवा तीन टेस्लाच्या यंत्राइतकी बारकाईची नसतात, पण मेंदूचे आकारमान व वाढीचा वेग मोजण्यास ती उपयोगी पडतात.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. अशा स्कॅनवरून निघणारे निष्कर्ष हजारो मुलांच्या सरासरीचे असतात. त्यावरून एखाद्या मुलाची बुद्धी वा अभ्यासाची कुवत सांगण्याचा दावा कोणी केला, तर पालकांनी त्यावर विश्वास ठेवू नये.

राज्याच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुण्यासारख्या चालू अभ्यासांना बालकांच्या मेंदूच्या एमआरआयची जोड द्यावी, अशी माझी विनंती आहे. त्या सहा गावांत १९९३ नंतर जन्मलेली मुले आज आईबाप होण्याच्या वयात आहेत. मेंदू सर्वाधिक झपाट्याने वाढतो तो जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत, आणि तीन दशकांच्या नोंदी पाठीशी असलेल्या कुटुंबांत जन्मणाऱ्या बाळांची ती दोन वर्षे मोजण्याची संधी आत्ताच आहे.

— एक निवृत्त एमआरआय तंत्रज्ञ, सातारा