आमच्या गिरणीत आता 'खानावळ' उघडतेय, साहेब

मा. गृहनिर्माण मंत्री महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

आपण कामात असणार, म्हणून चार ओळींत आटपायचं ठरवलं होतं. पण गेल्या रविवारी पेपर उघडला आणि पानभर जाहिरात समोर आली. लालबागमधल्या ज्या गिरणीत माझ्या बाबांनी बावीस वर्षं साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले, तिच्या जागेवर 'अस्सल मराठी वाड्याच्या थाटाचं' निवासी संकुल होतंय. कौलारू कमान, लाकडी कठड्याचे सज्जे, मधोमध चौक आणि चौकात तुळशीवृंदावन. गिरणीची चिमणीही ठेवणार आहेत, रात्री तिच्यावर खालून दिवे सोडायला. भाव साडेतीन कोटींपासून पुढे.

आईला जाहिरात वाचून दाखवली. ती एकोणऐंशीची आहे, गुडघे गेलेत. म्हणाली, मला बघायचंय. बदलापूरहून निघालो, दादरला गाडी बदलली, करी रोडला उतरलो. सँपल फ्लॅटमध्ये एसी एवढा की तिने पदर कानावर ओढून घेतला. दाराशी दगडी ओटा केला होता. ओटा दिसल्यावर बाईमाणूस काय करणार? ती टेकली. तिथला मुलगा अदबीने म्हणाला, "आजी, त्याच्यावर बसू नका, तो डिस्प्लेचा आहे." मग त्याने नकाशा दाखवला. क्लब हाऊसच्या हॉटेलाचं नाव काय ठेवलंय माहीत आहे? 'खानावळ'.

साहेब, माझी आई खानावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत अकरा जणांचं जेवण, पाळी सुटेल तशा पंगती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि आमच्याकडचे अकराही त्यात. पगार बंद, पण भुका चालूच. आईने कोणाचं ताट बंद केलं नाही. आधी बांगड्या गेल्या, मग तांब्याचा हंडा, मग मोठं पातेलं. पातेलंच गेल्यावर खानावळ कशात चालवणार? मी तेव्हा दहा वर्षांची. वाण्याकडे मलाच धाडायची, कारण लहान पोरीला तो तोंडावर हाकलणार नाही. एकदा त्याने हाकललं. मी तासभर जिन्यात बसून राहिले आणि वर जाऊन दुकान बंद होतं म्हणून सांगितलं. उधारीची वही अजून ट्रंकेत आहे, पानांवर तेलाचे डाग आहेत. त्यातले किती जण गावाला जाऊन मेले, देव जाणे. संप मिटल्याचं मात्र आजवर आम्हाला कोणी अधिकृतपणे कळवलेलं नाही.

मूळ तक्रारीकडे येते. १ जानेवारी १९८२ ला हजेरीपटावर असलेल्यांना घर, असा नियम आहे. बाबा होते. त्यांचा पितळी बिल्ला आहे, लाल पास आहे, फंडाची चिठ्ठी आहे. पण गिरणीत त्यांना सगळे अर्ध्या नावाने हाक मारायचे, मुकादमाने तेच अर्धं नाव लिहिलं. आधारवर पूर्ण आहे. एका कार्यालयाने सांगितलं, प्रतिज्ञापत्र आणा, तीन महिन्यांत पात्रता ठरेल. त्याला चार वर्षं झाली. मध्ये बाबा वारले, तर आता वारसाचा दाखला हवा. तोही दिला. मागच्या महिन्यात उत्तर मिळालं की फाईल सापडत नाही, पोच असेल तर दाखवा. पोच त्या वेळी दिलीच नव्हती!

अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात आणि २०१२ पासून २०२० पर्यंतच्या चार सोडतींत निघालेली घरं जेमतेम सोळा हजार. या वेगाने माझ्या नातवाला चावी मिळेल, आणि मला अजून नातूही नाही. जमीन नव्हती असं म्हणू नका. १९९१ च्या नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात मेख मारली. वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची. आता गिरणी म्हणजे भिंतीला भिंत लागून खाती, तिथे मोकळं असायचं काय, सायकल स्टँड? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. म्हणजे कायद्याने सगळं नीट आहे, फक्त आम्ही रस्त्यावर आहोत.

आणि आता आम्हाला घरांसाठी शेलू आणि वांगणी दाखवता. बदलापूरच्याही पुढे! गिरणगावातला माणूस कर्जतच्या वाटेवर आणि त्याचा ओटा डिस्प्लेला. चाळीचा देखावा चालतो, चाळकरी चालत नाही. सगळ्या पक्षांच्या सभा झाल्या, सगळ्यांनी 'गिरणी कामगार हा मुंबईचा कणा' म्हणून टाळ्या घेतल्या. सरकारं बदलली, बोर्डावरचे चेहरे बदलले, कण्याला मात्र कोणी पाठ टेकायला जागा दिली नाही. मराठी भाषेचा दिवस आला की तुम्हाला आमची आठवण येते, आणि बिल्डरला नाव सुचत नसेल तेव्हा त्यालाही येते. असो. जास्त झालं असेल तर क्षमा करा. नाही, क्षमा वगैरे राहू द्या.

बाबांची फाईल शोधा आणि पात्र की अपात्र ते लिहून द्या. आणि गिरणीच्या जमिनीवरच्या असल्या वाड्यांना परवानगी देण्याआधी तिथल्या कामगारांचा वाटा किती निघाला आणि कुठे बांधला, ते गेटवर मराठीत लावायला सांगा, 'खानावळ'च्या पाटीएवढ्याच मोठ्या अक्षरांत.

बिल्ल्याची दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडली आहे. मूळ बिल्ला देणार नाही, आईने तो देवघरात ठेवलाय. हेच पत्र सोमवारी आपल्या कार्यालयात हातोहात आणून देते आहे. या वेळी पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून उठणार नाही.

आपली,
एका साचेवाल्याची मुलगी
बदलापूर