रीसेट कुणी केला हे विचारायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

तुम्हाला आवडणार नाही म्हणून नाव लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत, कारण तुमच्याकडून जे कळलं ते फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या चिपमध्ये चालणारा कोड, लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

शेतीपंपाच्या कंट्रोलरचा कोड माझ्याकडे होता. टेबलावर बोर्ड बिनतक्रार चालायचा, आणि पंप चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरला जोडला की पंप बंद होताना मधूनच रीसेट व्हायचा, म्हणजे आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. कोडमध्येच बग असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "रीसेट झाला, पण केला कुणी?"

मायक्रोकंट्रोलर (बोर्डाची मुख्य चिप) रीसेटचं कारण एका रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या छोट्या नोंदीच्या जागेत, नोंदवून ठेवतो: वॉचडॉग (कोड अडकला की रीसेट करणारा टायमर), ब्राउन-आउट (सप्लायचं व्होल्टेज खाली जाणं) की रीसेट पिन. ते बूट होताच सिरियलवर (कॉम्प्युटरला जोडलेल्या तारेवर) छापायला तुम्ही सांगितलंत. उत्तर आलं, ब्राउन-आउट. म्हणजे कोड अडकतच नव्हता, सप्लाय बसत होता.

मग स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला. त्याच्या मोजायच्या प्रोबची लांब ग्राउंड वायर तुम्ही आधी काढायला लावलीत, कारण तिचा लूपच अँटेनासारखा नॉइज पकडतो. टोकाला छोटी स्प्रिंग लावून चिपच्या पिनपाशीच मोजलं. कॉन्टॅक्टर, म्हणजे स्टार्टरमधला पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, सुटला की 3.3 व्होल्टच्या रेषेवर टोकदार स्पाइक आणि लगेच खोल डिप! चिपचा सप्लाय स्थिर ठेवणारे 0.1 मायक्रोफॅरडचे डिकपलिंग कपॅसिटर बोर्डावर होते, पण पिनपासून लांब.

रिलेच्या डीसी कॉइलवर असा स्पाइक दाबायला 1एन4007 डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) होताच. कॉन्टॅक्टरची कॉइल मात्र 230 व्होल्ट एसीची. तिथे डायोड टाकला तर अर्ध्या सायकलला सरळ शॉर्ट, हे तुम्ही कागदावर वेव्हफॉर्म काढून दाखवलंत. कॉइलला समांतर 100 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरडचा आरसी स्नबर (स्पाइक दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) बसवला, कपॅसिटर थेट मेन्सवर जोडता येणाऱ्या एक्स-2 वर्गाचाच. स्पाइक दबला, रीसेट थांबले. कॉइलमधला प्रवाह तुटला की साठलेली ऊर्जा वाट शोधते, हे पुस्तकात वाचलेलं वाक्य त्या दिवशी स्क्रीनवर दिसलं.

तुमचं मला सर्वांत मोठं वाटतं ते हे, की तुम्ही स्वतः हार्डवेअरचे असूनही कधी बाजू घेतली नाहीत. त्याच संध्याकाळी चहा घेताना तुम्ही 1997 च्या मार्स पाथफाइंडरची गोष्ट सांगितलीत. मंगळावर उतरलेलं यान वारंवार रीसेट होत होतं आणि तिथे दोष खरोखर सॉफ्टवेअरमध्ये होता: प्रायॉरिटी इन्व्हर्जन. कमी प्रायॉरिटीच्या टास्ककडे म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारं कुलूप) अडकलेला, त्यामुळे महत्त्वाचा टास्क ताटकळत बसलेला. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर तोच बिघाड घडवून आणला, ट्रेस (घडामोडींची नोंद) वाचला आणि म्युटेक्सची प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरणाऱ्या टास्कला वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी देणं) चालू केली. अंदाजाने कुणालाच दोषी धरलं नाही. आपल्याकडे हार्डवेअर आणि फर्मवेअरचे लोक एकमेकांवर ढकलण्यात किती वेळ घालवतात, हे पाहिल्यावर या गोष्टीची किंमत कळते.

सर, तुमचं स्वतःचं काम अडलेलं असताना तुम्ही माझ्या बोर्डाजवळ उभे राहिलात. 'हे तुला यायला हवं होतं' असा सूर एकदाही लावला नाहीत. नवीन नोकरीत धीर खचायच्या बेतात असलेल्या मुलीला त्याचं काय मोल असतं, ते मी कधी बोलले नव्हते. मनापासून आभार.

पुढच्या बोर्डाचा लेआउट तयार होतोय. कपॅसिटर पिनला चिकटूनच ठेवलेत. फॅबला (बोर्ड बनवणाऱ्यांकडे) पाठवण्याआधी एकदा नजर टाकाल ना?

आपली,
तुमच्याकडून शिकलेली एक फर्मवेअर इंजिनिअर